'सैरंध्री' बघताना बायका खरंच चक्कर येऊन पडल्या का?

मराठी सिनेमाच्या इतिहासावरचं एखादं पुस्तक उघडा, किंवा रविवारची पुरवणी. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचं पान आलं की एक गोष्ट हमखास भेटते. १९२० साली त्यांचा 'सैरंध्री' पडद्यावर आला. त्यातला कीचकवध इतका हुबेहूब होता, की थिएटरातल्या बायका चक्कर येऊन पडल्या. तक्रारी झाल्या आणि शेवटी ते दृश्य कापावं लागलं.

गोष्ट भारी आहे, यात वाद नाही. म्हणूनच सिनॉप्सिसच्या पहिल्या पानावर ती टाकायचा मोह होतो. गाइड कदाचित काही म्हणणारही नाहीत. पण व्हायवाला बाहेरून आलेले परीक्षक चष्मा काढून शांतपणे विचारतील, "हे कुणी पाहिलं? कधी लिहिलं?" त्या प्रश्नाची तयारी आत्ताच करू या. पेट झालेले, नेट-सेटचा अभ्यास करणारे, आणि 'विषय तर सापडला, आता पुढं काय' या टप्प्यावर अडकलेले असे तुम्ही सगळे डोळ्यांसमोर ठेवून हा लेख लिहितोय. आजचा मुद्दा एवढाच: "प्रेक्षक घाबरले" हे वाक्य इतिहासात कसं वाचायचं?

आधी पक्कं काय आहे ते

संशोधनात पहिली पायरी नेहमी हीच. गोष्ट बाजूला ठेवायची आणि जमीन कुठं घट्ट आहे ते पाय आपटून बघायचं.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री, म्हणजे बाबूराव पेंटर (१८९०–१९५४), मूळचे कोल्हापूरचे. ते आणि त्यांचे भाऊ आनंदराव संगीत नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्शसाठी त्यांनी केलेलं काम प्रसिद्धच आहे. दोघांना सिनेमाचं वेड लागलं. आनंदराव १९१६ साली वारले. बाबूरावांनी दामल्यांच्या मदतीनं कॅमेरा इथंच, कोल्हापुरातच तयार केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. गायिका तानीबाई कागलकरांनी भांडवल दिलं, शाहू महाराजांचा पाठिंबा मिळाला. कंपनीचा पहिला चित्रपट 'सैरंध्री'. तो मूक होता आणि ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन थिएटरात लागला. बाळासाहेब यादव, झुंझारराव पवार असे कलाकार त्यात होते. पुरुषांनी लुगडं नेसून बाईचं काम करायचा तो काळ. या चित्रपटात मात्र बायकांनी काम केलं. गुलाबबाई 'कमलादेवी' या नावानं पडद्यावर आल्या. लोकमान्य टिळकांनी चित्रपट पाहून बाबूरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली, हेही सगळीकडं नोंदवलेलं आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. 'सैरंध्री'ची प्रत आज उपलब्ध नाही. त्या काळची फिल्म नायट्रेटची. लवकर पेट घेणारी, आणि नीट जपली नाही तर आपोआप कुजून भुकटी होणारी. भारतातले बहुतेक मूकपट असेच गेले. म्हणजे आपल्यासमोरची परिस्थिती विचित्र आहे. ज्या दृश्यामुळं लोक पडले म्हणतात ते दृश्य नाही, पण लोक पडल्याची गोष्ट तेवढी शिल्लक आहे. कारण गायब आणि परिणाम हजर. इतिहासाच्या विद्यार्थ्यानं इथं थांबलं पाहिजे.

एका वाक्यात चार दावे

'हुबेहूब वधामुळं बायका चक्कर येऊन पडल्या आणि दृश्य कापलं' हे वाक्य वाचायला एक आहे, पण त्यात निदान चार वेगळे दावे आहेत. वहीत ते वेगवेगळ्या ओळींवर लिहा:

१. प्रेक्षागृहात काही माणसं चक्कर येऊन पडली.
२. ती माणसं म्हणजे बायका होत्या.
३. कारण दृश्याचा हुबेहूबपणा हे होतं.
४. म्हणून दृश्य कापलं गेलं.

प्रत्येक दाव्याला वेगळा पुरावा लागतो. पहिल्याला त्या वेळच्या वर्तमानपत्रातली बातमी किंवा हजर असलेल्या माणसाची आठवण चालेल. दुसऱ्यालाही तेच, पण आठवण असेल तर आठवणारा स्वतः कुठं बसला होता ते बघावं लागेल. तिसरा दावा घटनेचा नाहीच, तो अर्थ लावणं आहे. आणि चौथ्याला सरकारी कागद लागतो.

चौथ्यापासूनच सुरुवात करू, कारण तारखा तपासणं सगळ्यात सोपं. सिनेमॅटोग्राफ कायदा झाला १९१८ साली. पण तो प्रत्यक्ष लागू झाला १९२० मध्ये, आणि मुंबई, कलकत्ता, मद्रास, रंगून इथली सेन्सॉर मंडळंही त्याच वर्षी नेमली गेली. 'सैरंध्री' पुण्यात लागला फेब्रुवारीत. मग कापाकापी नेमकी कुणी केली? नव्या मंडळानं नंतर, चित्रपट दुसऱ्या गावी जाताना? स्थानिक अधिकाऱ्यानं? की लोकांची कुरबुर ऐकून कंपनीनं स्वतःच? तिन्ही शक्य आहेत आणि तिन्हींचा अर्थ वेगळा होतो. त्यात कोल्हापूर हे संस्थान. ब्रिटिश इलाख्याचा कायदा इथं थेट चालत नव्हता. म्हणजे पुण्याच्या आणि कोल्हापूरच्या प्रेक्षकानं एकच सिनेमा पाहिला असंही गृहीत धरता येत नाही. 'सेन्सॉरनं कापलं' असं सरसकट लिहिण्याआधी कुठलं सेन्सॉर, कुठल्या महिन्यात, कुठली प्रत, एवढं स्वतःला विचारा.

आता तिसरा दावा. काही लेखनात नुसतं 'वध' असं येतं, तर काहींत भीम कीचकाचं मुंडकं धडावेगळं करतो असं येतं. महाभारतातलं विराटपर्व काढून बघा. तिथं मुंडकं उडवलेलं नाही. अंधाऱ्या नृत्यशाळेत भीम कीचकाला असा चेचतो की हात, पाय, डोकं सगळं धडात घुसून नुसता मांसाचा गोळा उरतो. नंतर आलेले लोक विचारतात, याची मान कुठं, पाय कुठं? मग पेंटरांनी मूळ कथेत बदल केला, की सांगणाऱ्यांच्या तोंडी गोष्ट बदलत गेली? फिल्म नसल्यामुळं हा प्रश्न फिल्मकडं नेता येत नाही. तो जाहिराती, छायाचित्रं आणि त्या वेळच्या परीक्षणांकडंच न्यावा लागतो. म्हणजे 'हुबेहूब' हा शब्द वापरताना आपण कशाच्या हुबेहूब म्हणतोय, हेच आधी पक्कं करायला हवं.

मध्येच एक फ्रेंच डॉक्टर

इथं मी तुम्हाला एकदम फ्रान्सला नेणार आहे. कारण असं की तिथं आपल्याला हवी ती जोडी सापडते: लोक पडल्याची गोष्टही आहे आणि फिल्मही शाबूत आहे.

जॉर्ज फ्रांज्यू या दिग्दर्शकाचा १९६० सालचा चित्रपट, 'लेझ्यू साँ व्हिझाज'. अर्थ 'चेहऱ्याविना डोळे'. भयपटांच्या इतिहासात त्याचं नाव फार वरचं. एक मोठा सर्जन असतो. त्याच्याच चुकीनं झालेल्या मोटार अपघातात मुलीचा चेहरा जातो. तो मुलीला जगापासून लपवून ठेवतो, तिला पांढरा मुखवटा घालायला लावतो, आणि तिला नवा चेहरा देण्यासाठी दुसऱ्या तरुण मुली पळवून आणून त्यांच्या चेहऱ्याची त्वचा काढतो. मध्यावर शस्त्रक्रियेचं दृश्य आहे. त्यात आरडाओरडा नाही, अंगावर धावून येणारं संगीत नाही. चेहऱ्याभोवती पेन्सिलीनं रेघ आखली जाते, सुरी फिरते, चिमटे लावले जातात आणि कातडी उचलली जाते. एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखवावं तितक्या थंडपणे.

एडिनबराच्या चित्रपट महोत्सवात हे दृश्य चालू असताना सात प्रेक्षक चक्कर येऊन पडले, असं सांगतात. फ्रान्सच्या 'लेक्सप्रेस' साप्ताहिकानंही प्रेक्षक पडल्याचं लिहिलं. दिग्दर्शकानं त्यावर स्कॉटिश पुरुषांच्या पोशाखावरून विनोद केला आणि तो विनोदच जास्त गाजला. अमेरिकेत १९६२ साली हा चित्रपट कापून, इंग्रजीत डब करून आणि भलतंच नाव देऊन लावला. मूळ रूपात तो तिथल्या थिएटरांत पोचायला २००३ साल उजाडलं. म्हणजे तिथंही 'कुठली प्रत' हा प्रश्न आहेच.

आता बाबूराव पेंटरांसाठी याचा उपयोग काय? सांगतो.

'सैरंध्री'ची गोष्ट सांगणाऱ्यांच्या मनात बहुतेक वेळा एक न बोललेलं स्पष्टीकरण असतं: तेव्हाचे लोक भाबडे. सिनेमा नवा होता, पडद्यावरचं खरंच वाटायचं, म्हणून पडले. लुमिएर बंधूंच्या आगगाडीबद्दल हेच सांगतात ना? पडद्यावर गाडी अंगावर येताना पाहून लोक खुर्च्या सोडून पळाले म्हणे. तीच फिल्म ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलातल्या पहिल्या खेळातही होती. पण टॉम गनिंगसारख्या अभ्यासकांनी या पळापळीच्या गोष्टीला केव्हाच सुरुंग लावलाय. गनिंग यांचं म्हणणं असं, की सुरुवातीच्या प्रेक्षकाला आपण सिनेमाला आलोय हे चांगलं माहीत होतं. त्याला वाटत होती ती फसगत नव्हती, आश्चर्य होतं. जादूगाराच्या खेळात पेटीतली बाई खरंच कापली असं कोण मानतं? तरी आपण श्वास रोखतोच.

एडिनबराचे प्रेक्षक याचा पुढचा पुरावा. १९६० पर्यंत सिनेमाला पासष्ट वर्षं होत आली होती. महोत्सवाला येणारे लोक तर सिनेमात मुरलेले. पडद्यावर खरी शस्त्रक्रिया चालू नाही हे त्यांतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तरी ते पडले. म्हणजे चक्कर येण्यासाठी भाबडं असायची गरज नाही.

यात शरीरशास्त्रही मदतीला येतं. एरवी घाबरलं की छाती धडधडते, नाडी वाढते. पण रक्त किंवा जखम बघून काही माणसांच्या बाबतीत उलटं होतं. रक्तदाब आणि नाडी एकदम उतरते, मेंदूला रक्त कमी पडतं आणि माणूस कोसळतो. इंजेक्शनच्या सुईकडं बघून पडणारा एखादा पैलवान तुमच्याही ओळखीत असेल. सुई आपला जीव घेणार नाही हे त्याला पक्कं माहीत असतं, तरी तो पडतो. ही प्रतिक्रिया 'मला हे खरं वाटलं' याची पावती होत नाही.

आणखी एक साम्य बघा. फ्रांज्यूनं त्याआधी १९४९ साली पॅरिसच्या कत्तलखान्यांवर माहितीपट केला होता. रक्त कॅमेऱ्यापुढं कसं दिसतं हे त्यानं प्रत्यक्ष पाहिलेलं. पेंटर चित्रकार आणि शिल्पकार. शरीराची ठेवण, स्नायूंचा ताण, उजेडसावली यांत त्यांचा हात बसलेला. दोघंही भीती दाखवताना भडकपणाकडं न जाता नेमकेपणाकडं गेले असावेत, हा तर्क आपण करू शकतो. फ्रांज्यूच्या बाबतीत फिल्म बघून तो तपासता येतो. पेंटरांच्या बाबतीत त्यांची चित्रं, पोस्टर आणि छायाचित्रं यांवरून फक्त जवळ जाता येतं. तर्क आणि पुरावा यांतली ही रेघ प्रबंधात वाचकाला दिसली पाहिजे.

कीचक पुण्याला आधीपासून ओळखीचा होता

इथपर्यंत आपण भीतीबद्दल बोललो. पण १९२० साली पुण्यात कीचक मरताना बघणारा माणूस फक्त भीतीच घेऊन बसला होता का? मला वाटतं, या गोष्टीचा खरा गाभा इथं आहे.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं 'कीचकवध' नाटक १९०७ साली रंगभूमीवर आलं. महाराष्ट्र नाटक मंडळीनं ते केलं. खाडिलकर 'केसरी'तले, टिळकांचे सहकारी. नाटकातला उन्मत्त कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, अपमान सोसणारी द्रौपदी म्हणजे देश, थांबा-थांबा म्हणणारा धर्मराज म्हणजे मवाळ आणि दात-ओठ खाणारा भीम म्हणजे जहाल, हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. प्रेक्षकाला कळत होतं आणि सरकारलाही कळलं. १९१० मध्ये नाटकावर बंदी आली.

आणि गंमत म्हणजे या नाटकाच्या प्रेक्षकांचं वर्णन आपल्याला मिळतं ते एका इंग्रजी पुस्तकात. व्हॅलेंटाइन चिरोल या 'टाइम्स'च्या पत्रकाराचं 'इंडियन अनरेस्ट' १९१० साली प्रसिद्ध झालं. त्यात 'कीचकवधा'ची माहिती देताना प्रेक्षकांच्या चेहऱ्यांबद्दल लिहिलंय: पुरुषांच्या कपाळावरच्या आठ्या, द्रौपदीची विनवणी ऐकताना बायकांचे चमकणारे डोळे, आणि हे सगळं पाहून इंग्रज माणसाला वाटणारी धास्ती.

हा पुरावा कसा वाचायचा? चिरोल टिळकांच्या चळवळीचा विरोधक. टिळकांनी याच पुस्तकावरून त्याच्यावर लंडनमध्ये अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि १९१९ साली ते हरले. तेव्हा त्या वर्णनाला हेतू आहे. नाटक किती धोकादायक होतं हे दाखवायचंय, त्यामुळं प्रेक्षक जास्तीत जास्त पेटलेला दिसणं लेखकाच्या सोयीचं. पण म्हणून पान फाडून टाकायचं नाही. विरोधकाच्या लेखनातूनही एक गोष्ट निसटून बाहेर येते: थिएटरात बायका होत्या, आणि त्या नुसत्या घाबरून बसल्या नव्हत्या. त्या रागात होत्या, गुंतल्या होत्या.

आता दहा वर्षं पुढं या. नाटकावर बंदी आलेल्या त्याच इलाख्यात, त्याच पुण्यात, तोच कीचक मूकपटात मरतो. पौराणिक कथा म्हणून मरतो, संवाद नाहीत, सरकारला बोट ठेवायला जागा नाही. खटला हरून १९१९च्या अखेरीस इंग्लंडहून परतलेले टिळक तो बघतात आणि पेंटरांना पदवी देतात. पदवीत 'केसरी' हा शब्द आहे. प्रेक्षकांत अशी कितीतरी माणसं असणार, ज्यांनी ते नाटक पाहिलं होतं किंवा निदान बंदीबद्दल ऐकलं होतं.

अशा थिएटरात कीचकाचा जीव गेल्यावर कुणी टाळी वाजवली नसेल? कुणाच्या मनात हायसं झालं नसेल? लक्ष देऊन बघा, आपल्या गोष्टीत टाळी नाहीच, फक्त चक्कर आहे. 'बायका पडल्या' या वाक्यानं प्रेक्षकाचा राग, समाधान, राजकीय समज हे सगळं झाकून टाकलं आणि फक्त अशक्त शरीर पुढं ठेवलं. तेही बाईचं. एडिनबराच्या गोष्टीत 'सात प्रेक्षक' पडतात. आपल्याकडं 'बायका' पडतात. फरक कुठून आला हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

गोष्ट कुणाच्या कामाची?

दंतकथा टिकते ती कुणाच्या तरी उपयोगी पडते म्हणून. ही कुणाकुणाच्या उपयोगी पडली असेल?

एक, सिनेमावाल्यांच्या. 'लोक बेशुद्ध पडतात' ही भयपटाची सगळ्यात जुनी जाहिरात. अमेरिकेत विल्यम कॅसलनं १९५८ साली 'मकाब्र'च्या प्रेक्षकांना भीतीनं मेलात तर हजार डॉलरचा विमा दिला होता. आपल्याकडं २००८ मध्ये राम गोपाल वर्मांच्या 'फूंक'च्या वेळी थिएटरात एकट्यानं सिनेमा बघून दाखवणाऱ्याला पाच लाखांचं बक्षीस जाहीर झालं. दोन, पेंटरांच्या कौतुककारांच्या. त्यांची कला किती अस्सल होती याचा यापेक्षा सोपा दाखला नाही. तीन, सेन्सॉरच्या बाजूच्या लोकांच्या. बायकामुलांना जपायला हवं, म्हणून कात्री हवी.

तिघांचा हेतू वेगळा, पण तिघांनाही चक्कर येऊन पडणारी बाई सोयीची. यावरून गोष्ट खोटी ठरत नाही, हे नीट लक्षात घ्या. उपयोगी गोष्ट खरीही असू शकते. गच्च भरलेल्या, कोंदट थिएटरात कुणी पडलंही असेल. पण ज्या बाईबद्दल ही गोष्ट आहे तिचं नाव, तिचं म्हणणं, ती पुन्हा सिनेमाला गेली का, यातलं काहीच गोष्टीत येत नाही, आणि तिच्याविषयी बोलणारे मात्र शंभर वर्षं बोलतायत. पुढच्या संशोधकानं काम करायचं तर या जागेवर.

मग शोधायचं कुठं?

"सर, सोर्सच नाहीत" असं म्हणून विषय सोडू नका. फिल्म गेली म्हणून प्रेक्षक गेला असं होत नाही. या जागा बघा:

– वर्तमानपत्रं. पुण्याचं 'केसरी' आणि 'ज्ञानप्रकाश', फेब्रुवारी १९२० आणि पुढचे काही महिने. नुसतं परीक्षण वाचू नका, जाहिरातीही वाचा. बायकांसाठी वेगळी बसायची सोय, वेगळा खेळ, तिकिटाचा दर, सिनेमा किती आठवडे चालला, हे सगळं जाहिरातीत असतं. जाहिरातीचा मजकूर आठवड्यागणिक बदलला का तेही बघा. दृश्य कापल्याची खूण तिथं सापडू शकते.

– कंपनीचे कागद. पेंटरांच्या कंपनीनं चित्रपटांच्या माहितीपुस्तिका आणि पोस्टर काढायला फार लवकर सुरुवात केली. एखादं दृश्य पुस्तिकेत आहे की वगळलंय, हाही पुरावाच.

– सरकारी दप्तर. मुंबईचं राज्य पुरालेखागार सेन्सॉर आणि पोलिसांच्या कागदांसाठी, कोल्हापूरचं पुरालेखागार संस्थानच्या कागदांसाठी. मुंबई इलाख्यात १९२३ पासून करमणूक कर आला. तिथून पुढं प्रेक्षकांची गर्दी महसुलाच्या भाषेत नोंदली जाऊ लागली.

– १९२७-२८ची चित्रपट चौकशी समिती. टी. रंगाचारियार अध्यक्ष होते. तीनशेहून जास्त साक्षी झाल्या आणि त्या छापलेल्या आहेत. सिनेमाचा 'अशिक्षित' प्रेक्षकावर, बायकांवर, मुलांवर काय परिणाम होतो असे प्रश्न आणि त्यांची उत्तरं तिथं पानोपानी मिळतात. तुमच्या विषयाला ही सोन्याची खाण आहे. फक्त उत्तर देणारा प्रेक्षकांबद्दल बोलतोय की स्वतः प्रेक्षक म्हणून, हे प्रत्येक वेळी वेगळं लिहा.

– आठवणी आणि आत्मचरित्रं. महाराष्ट्र फिल्म कंपनीतून व्ही. शांतारामांसारखी माणसं पुढं आली. यातली बहुतेक लेखनं घटनेनंतर कितीतरी वर्षांनी झालीत. तिथं 'मी पाहिलं' आणि 'तेव्हा म्हणत' या दोन क्रियापदांखाली वेगळ्या रंगाची रेघ मारा.

– गावातली वाचनालयं. १८५० साली स्थापन झालेलं आपलं करवीर नगर वाचन मंदिर आहे, विद्यापीठाचं खर्डेकर ग्रंथालय आहे. जुन्या मासिकांचे बांधीव खंड चाळायला वेळ द्या. ऑनलाइन शोधपेटीत मराठी जुनं टायपिंग सापडत नाही, पान उलटावंच लागतं.

आणि एक छोटी युक्ती. प्रत्येक पुस्तकात ही चक्कर येण्याची गोष्ट भेटली की वर्षाप्रमाणे तक्त्यात लिहा: पुस्तकाचं साल, शब्द काय, आधार कुणाचा दिला. मग उलट्या क्रमानं मागं जा. बऱ्याचदा असं दिसतं की दहा पुस्तकं एकाच पुस्तकावर उभी असतात. दहा साक्षीदार वाटतात, असतो एकच. हा तक्ता पूर्ण झाला की तो स्वतःच तुमच्या प्रबंधाचं अर्धं प्रकरण होतो.

हे सगळं कशासाठी?

कुणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीसाठी किती खटाटोप! बायका पडल्या असतील किंवा नसतील, काय फरक पडतो?

फरक पडतो. कोल्हापूर स्वतःला कलानगरी म्हणवतं. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, तिथं दरवर्षी हार घातले जातात, आणि ते योग्यच आहे. पण सिनेमा करणारा एकटाच सिनेमा पूर्ण करत नाही, बघणारा तो पूर्ण करतो. करणाऱ्यांचे आपण स्तंभ उभारले. बघणाऱ्यांबद्दल आपल्याकडं काय आहे? एक ओळ, ती पण चक्कर येऊन पडल्याची. फ्रांज्यू १९३६ साली फ्रान्सचं सिनेमा-संग्रहालय, सिनेमातेक, सुरू करणाऱ्यांपैकी होता. जुन्या फिल्म जपायच्या असतात हे त्याला आणि त्याच्या मित्रांना वेळेत सुचलं. आपलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात आलं १९६४ साली. तोवर पेंटरांचं बरंच काम गेलं होतं. गेलेली फिल्म आपण परत आणू शकत नाही. पण ती बघणाऱ्या माणसांना निदान शहाणी, रागावणारी, समजून टाळी वाजवू शकणारी माणसं म्हणून इतिहासात जागा देणं अजून आपल्या हातात आहे.

तेव्हा आता पहिलं वाक्य पुन्हा लिहू. सिनॉप्सिसमध्ये असं काही घालता येईल: "१९२० सालच्या 'सैरंध्री'तील कीचकवधाच्या दृश्याने स्त्री-प्रेक्षक बेशुद्ध पडल्याचे नंतरच्या चित्रपट-इतिहासांत वारंवार सांगितले जाते, हे कथन केव्हा, कुणाकडून आणि कोणत्या हेतूने रूढ झाले, तसेच 'कीचकवध' नाटकाची स्मृती असलेल्या प्रेक्षकाच्या प्रतिसादाचे कोणते इतर पैलू त्यामुळे दृष्टीआड झाले, याचा शोध या प्रकरणात घेतला आहे."

वाक्य लांब झालं, चटकदारपणा गेला. पण आता परीक्षकांनी "हे कुणी पाहिलं?" म्हणून विचारलं तर तुम्ही गप्प बसणार नाही. "तोच तर माझा संशोधनप्रश्न आहे, सर," असं म्हणून पुढं बोलायला लागाल.

या आठवड्याचा अभ्यास: तुमच्या स्वतःच्या विषयातली अशी एक सगळ्यांना पाठ असलेली गोष्ट निवडा. तिचे दावे सुटे करा, प्रत्येकापुढं लागणारा पुरावा लिहा, आणि ती कुणाच्या सोयीची आहे ते एका ओळीत लिहा. एक पान पुरे. गाइडना दाखवायच्या आधी ते पान दोन दिवस टेबलावर पडू द्या, मग पुन्हा वाचा.